मोज्यांचे वळ

निळ्या सदऱ्याच्या कॉलरच्या आत, मापाची पट्टी शिवलेली असते तिथं, दोन सेफ्टी पिना लावलेल्या होत्या. डोरीनचं बोट आधी त्यांना लागलं आणि मग तिनं पाहिलं. एखादं बटण तुटलं असेल, नॉर्बनं, तिच्या नवऱ्यानं, वेळ मारून नेण्यासाठी पिना लावल्या असतील, असं तिला वाटलं. पण बटणं सगळी जागच्या जागी होती. तिनं शेजारचा राखाडी सदरा काढला. त्यात तीन पिना, त्याच जागी, एकीला लागून एक. तपकिरी सदऱ्यात एकच होती, पांढऱ्यात एकही नव्हती. पँटींच्या कमरपट्ट्यात आतल्या बाजूनं तोच प्रकार. घड्या घातलेले मोजेसुद्धा जोडीजोडीनं पिनेत अडकवलेले होते. कपाटासमोर ती सैल झग्यात अनवाणी उभी होती आणि हाताशी जेवढे कपडे होते तेवढे सगळे तिनं चाचपून पाहिले, जणू तीच आंधळी आहे. मग पलंगाच्या कडेवर बसली. सकाळचे साडेदहा वाजले होते. एक वाजता तिला नदीकाठच्या जुन्या कारखान्यातल्या स्टुडिओत फोटो काढून घ्यायला जायचं होतं, आणि निळा सदरा तिला त्यासाठीच हवा होता. स्टुडिओनं पाठवलेल्या सूचनांत तसं लिहिलं होतं, की ज्याच्यासाठी फोटो काढताय त्याचा एखादा सदरा बरोबर आणा, अंगावर फार छान दिसतो.

त्या फोटोंना एक फ्रेंच नाव होतं. ते डोरीनला म्हणता येत नसे. बायको आपल्या झोपायच्या खोलीत, दार लावून, जशी असते तसे ते फोटो, असं बेकरीच्या गल्ल्यावर तिच्या शेजारी उभी राहणारी रोशेल तिला समजावून सांगत होती. रोशेलनं लग्नाच्या आधी काढून घेतले होते आणि लग्नाच्या दिवशी सकाळी नवऱ्याच्या हातात आल्बम ठेवला होता. नवरा म्हणे चर्चमध्ये पोचेपर्यंत लाल होता. डोरीन तेव्हा हसली होती. आपण अठ्ठावन्न वर्षांच्या, आपल्या पोटावर दोन बाळंतपणांच्या रेघा आणि पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा व्रण, आपल्याला कोण पाहणार, असं ती म्हणाली होती. पण घरी जाताना गाडीत तिच्या मनात तेच घोळत राहिलं. कोण पाहणार, हा प्रश्न तिनं थट्टेत विचारला होता आणि त्याचं उत्तर तिला ठाऊक होतं. गेल्या वर्षी सप्टेंबरात डॉक्टरांनी नॉर्बच्या डोळ्यांचे फोटो पडद्यावर दाखवले होते, नारिंगी, सूर्य मावळताना दिसतो तसे, आणि मधोमध एक डाग. दोन्ही डोळ्यांची मधली नजर जाणार, कडेची राहील, असं डॉक्टर म्हणाले. रंग आधी जातील, मग चेहरे. किती दिवसांत, ते सांगता येत नाही. दोन वर्षं, पाच वर्षं. डोरीननं मनाशी पाच धरली. माणूस नेहमी आपल्या सोयीचा आकडा धरतो. आणि मग तिनं ठरवलं की त्याच्या आत त्यानं एकदा आपल्याला नीट बघावं. तेहतीस वर्षांत जे राहून गेलं ते मोठ्या कागदावर छापून त्याच्यासमोर ठेवावं. तिचं मागणं एवढंच होतं आणि तेही तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

नॉर्बला बघता येत नव्हतं अशातला भाग नाही. उलट बघणं हाच त्याचा धंदा होता. तो छापखान्यात रंग जुळवणारा माणूस होता. मासिकांची कव्हरं, बियाणांच्या कंपन्यांची रंगीत पुस्तकं, मोठमोठी यंत्रं भरधाव चालत असायची आणि नॉर्ब डोळ्याला भिंग लावून कागदावरचे ठिपके बघायचा. टोमॅटोपेक्षा, गाडीपेक्षा, आकाशापेक्षा माणसाची कातडी छापणं अवघड, असं तो सांगायचा. जराशी शाई इकडची तिकडे झाली की माणूस आजारी दिसतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी ते एका दारूच्या गुत्त्यावरच्या दोन खोल्यांत राहायचे, खाली पोल्का नाचाची धून वाजत असायची आणि जमीन थरथरायची. एका संध्याकाळी त्यानं दिवा ओढून जवळ घेतला होता आणि तिच्या खांद्याकडे इतका वेळ बघत राहिला होता की तिला लाज वाटायला लागली. मग म्हणाला होता, इथं पिवळा जास्त लागेल, इथं गुलाबी नुसता दाखवल्यासारखा, आणि या इथं काय घालायचं ते मला माहीत नाही, हे कुणाला छापता येणार नाही. एवढंच. त्यानंतर पुरुषांकडून पुष्कळ गोड बोलणी तिनं सिनेमात ऐकली, पण तिला कधी त्या बायकांचा हेवा वाटला नाही. पुढे मुलं झाली, घर घेतलं, पाळ्या बदलल्या. नॉर्ब घरी यायचा तो डोळे मिटूनच. खुर्चीत बसायचा आणि म्हणायचा, आज आता काही बघायला लावू नकोस. तिनं नवे पडदे लावले तरी त्याला आठवड्यानं कळायचं. तिनं केस कापले, रंगवले, पुन्हा वाढवले. बिचाऱ्याचे डोळे दमतात, असं ती मुलींना सांगायची, आणि ते खरंच होतं. पण वर्षानुवर्षं कुणाचे तरी डोळे दमलेले असले की दुसऱ्या कुणाचं तरी काहीतरी दमत जातं, त्याला नाव नाही.

आणि गेलं वर्षभर तर त्याहून वाईट चाललं होतं. ती बोलायला लागली की तो तोंड फिरवायचा. सरळ दिव्याकडे बघायचा, नाहीतर खिडकीकडे, नाहीतर तिच्या कानाच्या पलीकडे भिंतीवर काही लिहिलंय असं. ती मध्येच थांबायची, तर म्हणायचा, बोल ना, ऐकतोय. ऐकत असेल. बसची वाट बघणारा माणूस शेजारच्याचं ऐकतो तसं. एकदा रागानं तिनं विचारलंही होतं, माझ्या तोंडाला काय झालंय? तो दिव्याकडेच बघत राहिला होता, आणि ती बिछान्यात भिंतीकडे कूस करून झोपली होती. आता उरलेली थोडी नजर तो आपल्यावर खर्च करणार नाही, असं तिला वाटायचं. हे वाटणं इतकं क्षुद्र होतं की तिला ते कबूलही करवत नव्हतं.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. फ्रिजच्या दारावर दवाखान्यानं दिलेला चौकटींचा कागद चुंबकानं लावलेला होता. रोज सकाळी एक डोळा झाकून त्याच्याकडे बघायचं आणि रेघा वाकड्या दिसल्या तर लगेच कळवायचं, असा नियम होता. नॉर्ब रोज कॉफी ओतायच्या आधी तिथं उभा राहायचा. एक डोळा झाकायचा, मग दुसरा. डोरीन विचारायची, कशा आहेत? तो म्हणायचा, सरळ. आजही म्हणाला होता. सरळ. तेरा महिने रोज सकाळी दोनदा सरळ. आणि ती शेगडीकडे वळून अंडी फोडायची, कारण तिला तेच ऐकायचं होतं. वसंतात त्यानं कपडे धुण्याचं काम आपण होऊन स्वतःकडे घेतलं, तू दिवसभर उभी असतेस म्हणाला, आणि तिनं बेकरीत सगळ्यांना कौतुकानं सांगितलं. उन्हाळ्यात टीव्हीवरचे बेसबॉलचे सामने बंद करून तो रेडिओवर ऐकायला लागला, कारण रेडिओवरचा माणूस जास्त मजेदार बोलतो. मंगळवारी चर्चच्या तळघरात पत्ते खेळायला जायला लागला. आज मंगळवार. शेजारचा वॉल्डो नऊ वाजता येऊन त्याला घेऊन गेला होता. ज्याला निळा सदरा पिनेनं ओळखावा लागतो त्याला बदामाचा गुलाम कसा ओळखता येणार? डॉक्टरांकडून निघताना एका बाईनं त्यांच्या हातात एक घडीपत्रक दिलं होतं. वाचनालयात दर मंगळवारी वर्ग भरतो, कपड्यांना खुणा कशा करायच्या, शेगडीच्या बटणावर रबरी टिकल्या कशा लावायच्या, असं काय काय त्यात होतं. नॉर्बनं ते गाडीतळावरच कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. हे आंधळ्यांसाठी आहे, म्हणाला होता. डोरीननं वाकून शेगडीच्या बटणांवरून बोट फिरवलं. टिकल्या होत्या. पारदर्शक, मसुराएवढ्या. रोज ती ही बटणं फिरवत होती.

तिनं स्टुडिओला फोन लावला. येत नाही म्हणून सांगायचं आणि आजची घेतलेली रजा मोडून, कामावरचे मोजे चढवून सरळ बेकरीत जायचं, असं तिनं ठरवलं. ज्याला दिसतच नाही त्याच्यासाठी फोटो काढणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पलीकडून निरोप ठेवायला सांगणारा आवाज आला आणि तिनं फोन ठेवून दिला. न येण्याचं कारण सांगायलाही अंगात त्राण लागतं. शिवाय तयारी होऊन बसली होती, आणि झालेली तयारी वाया घालवणं तिच्या रक्तात नव्हतं. काल सोमवार, तिच्या सुट्टीचा दिवस. काल सकाळपासून तिनं अंगाला घट्ट असं काही लावलं नव्हतं. सूचनांत ते ठळक अक्षरांत होतं. चोवीस तास आधीपासून घट्ट मोजे नकोत, ब्रा नको, घड्याळ नको, कमरेला इलॅस्टिक नको; कातडीवर वळ राहतात आणि ते तासन् तास जात नाहीत. डोरीनला ते वाचून हसू आलं होतं. सव्वीस वर्षं ती गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे घालून आठ आठ तास पावाच्या गल्ल्यावर उभी होती. नाहीतर पायांच्या शिरा फुगतात. संध्याकाळी मोजे काढले की गुडघ्याखाली एक गोल खाच पडलेली असे. जेवण झालं की ती सोफ्यावर पाय वर घेऊन नॉर्बच्या मांडीवर टाकायची आणि तो सामना चालू असताना अंगठ्यानं ती खाच चोळत बसायचा, गोल गोल, तिच्याकडे न बघता. त्या दोघांमध्ये प्रेमाचं म्हणावं असं जे उरलं होतं ते एवढंच, आणि त्याला प्रेम म्हणावं असं दोघांनाही सुचलं नव्हतं. आज पायांवर वळ नव्हता. कातडी गुळगुळीत होती, परक्या बाईची असावी तशी.

सकाळी आणखी एक गोष्ट झाली होती, ती तिला गाडी चालवताना आठवली. अकराची पाळी आहे असं तिनं नॉर्बला सांगून ठेवलं होतं आणि तरी नऊ वाजता, वॉल्डोच्या गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा, ती केस कुरळे करायला गुंडाळ्या लावून समोर उभी होती. घाबरली होती, की आता विचारेल. नॉर्बनं टोपी घातली, तिच्या कानापलीकडे बघत म्हणाला, फार वेळ उभी राहू नकोस, आणि निघून गेला. बघितलंच नाही, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं, नेहमीच्याच जुन्या कडवटपणानं. आता त्या कडवटपणाचीही तिला शरम वाटली.

स्टुडिओवाली मार्गो पन्नाशीची, रुंद खांद्यांची, आवाज बसलेली बाई होती. तिथं पूर्वी बुटांच्या नाड्या बनत असत. उंच खिडक्या, लाकडी जमीन, मध्ये एक मोठा पलंग पांढऱ्या चादरींचा, आणि कोपऱ्यात आरशासमोर खुर्ची. तिनं डोरीनला खुर्चीत बसवलं, गळ्याशी कापड लावलं आणि तोंडावर काहीबाही थापायला सुरुवात केली. डोळ्यांना काळं, पापण्यांवर खोट्या पापण्या. डोरीननं भरून पाठवलेला कागद तिनं समोर ठेवला होता. तुमच्या शरीराचा कुठला भाग तुम्हांला आवडतो, यापुढे डोरीननं काही लिहिलं नव्हतं. कुठला झाकायचा, यापुढे लिहिलं होतं, पोट. हे फोटो बघताना त्यांना काय वाटावं, यापुढे लिहिलं होतं: त्यानं बघावं, एवढंच.

मार्गोनं सहज विचारलं, हे असं का लिहिलंत, आणि डोरीननं सांगून टाकलं. रडली वगैरे नाही. आठवड्याचं सामान काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात तिनं डॉक्टर, फ्रिजवरचा कागद आणि आज सकाळच्या पिना असं सगळं ओळीनं सांगितलं. शेवटी म्हणाली, की आता तुम्ही कितीही मोठा छापलात तरी काय उपयोग, तो तर एरवीही माझ्याकडे बघत नाही, बोलायला लागले की तोंड फिरवतो.

मार्गोचा ब्रश थांबला.

"कुठं फिरवतो? सारखा एकाच बाजूला?"

डोरीन जरा आठवून म्हणाली, हो, डावीकडे. दिव्याकडे, नाहीतर खिडकीकडे.

"माझ्या आईला हेच होतं," मार्गो म्हणाली. "शेवटी शेवटी मी घरात आले की ती पंख्याकडे बघून बोलायची. मला वाटायचं, म्हातारी रुसलीय. दोन वर्षं मी असंच धरून चालले. मग तिला शिकवायला येणाऱ्या बाईनं मला झापलं. म्हणाली, अगं, मधे डाग आहे ना, मग सरळ बघितलं की तूच नाहीशी होतेस. तुला बघायचं तर तिला तुझ्या बाजूला बघावं लागतं. पंख्याकडे बघते म्हणजे ती तुझ्याकडे बघते."

आरशात एक मोठ्या डोळ्यांची दमलेली बाई बसलेली होती. तिला वर्षभराचे ते सगळे दिवे, खिडक्या, भिंती एकदम आठवल्या. जेवताना, गाडीत, मुलीचा फोन आल्यावर. ती बोलायला लागली रे लागली की तो तोंड फिरवत होता. आणि ती मध्येच थांबून उठून जायची. त्याचं बघणं दर वेळी अर्धवट तुटत होतं. माझ्या तोंडाला काय झालंय, असं तिनं विचारलं होतं त्याला. आणि तो काय सांगणार होता? तुझं तोंड मला दिसत नाही, असं सांगणार होता?

"आज नको असेल तर राहू दे," मार्गो म्हणाली. "पुन्हा कधीतरी काढू."

"नाही," डोरीन म्हणाली. "आता तोंड रंगवलंयच."

फोटो फार काढले नाहीत. घालायला म्हणून लेसचं काय काय आणलं होतं ते पिशवीतच राहिलं. तिनं निळा सदरा घातला, पाय उघडे, आणि पलंगावर बसली. पिना मानेला टोचत होत्या. मार्गो म्हणाली, काढून ठेवू का, तर डोरीननं मानेनंच नको म्हटलं. काढल्या तर सदरा निळा आहे हे त्याला कोण सांगणार. मार्गो तिला कसं बसायचं ते सांगत राहिली. श्वास रोखू नका. खांदे सोडा. हनुवटी जराशी पुढे, आता किंचित खाली, म्हणजे गळ्याच्या सुरकुत्या जातात. आणि माझ्याकडे बघत राहा, मी बघून झालं असं म्हणेपर्यंत. अठ्ठावन्न वर्षांत तिला कुणी इतका वेळ स्वस्थ बसायला सांगितलं नव्हतं. पाऊण तासानं मार्गो म्हणाली, झालं, आणि आल्बम सात आठवड्यांनी मिळेल. डोरीननं मान डोलावली.

घरी आल्यावर तिनं सदरा कपाटात होता तिथं लावला, पिना आत करून. तोंड धुवायला न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि तसाच बंद केला. बघू या, असं तिच्या मनात आलं. नंतर तिला स्वतःचाच राग आला, माणसाची अशी परीक्षा घ्यायची नसते, पण धुतलं नाही ते नाहीच. पाच वाजता नॉर्ब आला. कोबी घातलेल्या शेवया आणि सॉसेज तिनं वाढलं. तो जेवला. पत्ते कसे झाले, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, हरलो, वॉल्डो लबाडी करतो. खोट्या पापण्यांनी तिचे डोळे जड झाले होते, ओठांवर जाड लाल रंग होता, काट्याला लागत होता. नॉर्ब ताटाकडे बघून जेवत होता आणि चेहऱ्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. म्हणजे कडेनंही दिसत नाही. म्हणजे उशीर झाला.

मग ते रोजच्यासारखे सोफ्यावर बसले. बाहेर अजून उजेड होता, ऑक्टोबरातला पिवळा. त्यानं रेडिओ लावला. तिनं पाय वर घेऊन त्याच्या मांडीवर टाकले, आणि त्याचा अंगठा सवयीनं गुडघ्याखाली गेला. तिथं थोडा फिरला. मग खाली पोटरीवर आला, पुन्हा वर गेला, दुसऱ्या पायावर गेला. किल्ली नेहमीच्या खुंटीवर नसली की माणूस हात फिरवत राहतो तसा. नॉर्बनं रेडिओ बारीक केला.

"आज कामावर नव्हतीस," तो म्हणाला.

"नव्हते."

"मग?"

तिला वाटलं होतं की विचारताना आपला आवाज चढेल, पण चढला नाही.

"नॉर्ब, दोन पिना म्हणजे कुठला रंग?"

त्याचा अंगठा थांबला. रेडिओवरचा माणूस कुणाचं तरी कौतुक करत होता.

"निळा," तो म्हणाला. मग म्हणाला, "तीन म्हणजे राखाडी. निळा आणि राखाडी मला आधी सारखेच दिसायला लागले. आता सगळंच."

"रोज सकाळी सरळ म्हणायचास."

"तू विचारायचीस तेव्हा तुझा आवाज कसा असायचा ते तुला माहीत नाही," नॉर्ब म्हणाला. "दुसरं काय म्हणणार होतो?"

आणि त्यानं तोंड फिरवलं. डावीकडे, खिडकीकडे, पलीकडे शेजाऱ्यांचं मेपलचं झाड होतं तिकडे. कपाळाला आठ्या पडल्या. त्याचा हात तिच्या पायावर तसाच होता. कालपर्यंत डोरीननं अशा वेळी पाय काढून घेतले असते आणि भांडी घासायला निघून गेली असती.

"डोळ्यांना काय केलंयस?" खिडकीकडे बघत त्यानं विचारलं. "काहीतरी काळं काळं दिसतंय. जेवायला बसल्यापासून. मला वाटलं, माझ्याच डोळ्यांतलं वाढलं."

ती हललीसुद्धा नाही. सांगते, एवढंच म्हणाली. तिनं हात लांब करून कोपऱ्यातला दिवा लावला आणि जवळ ओढला. खांदे सोडले. हनुवटी जराशी पुढे काढली, किंचित खाली घेतली, आणि नॉर्ब खिडकीकडे बघत होता तोवर तशीच बसून राहिली.